तेविसाव्या वर्षी थांबलेले आणि पासष्टाव्या वर्षी गाणारे

काळीमाती (ता. हिंगणघाट), रात्री ११.४०

मागच्या आठवड्यात वर्ध्याच्या बसस्टँडवर एक पोरगा दिसला. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा, एकाखाली एक, वावरातल्या तासांसारख्या. मी विचारलं, बापू, हे कशाचं चित्र आहे? म्हणाला, माहीत नाही काका, नागपूरच्या बर्डीवर घेतला, डिझाइन आवडलं. तेवढ्यात त्याची बस लागली. सांगायचं राहून गेलं ते इथे लिहितो.

त्या रेघा एका ताऱ्याच्या आहेत. १९६७ साली जोसलिन बेल या तरुण संशोधिकेला आकाशातून ठरावीक ठोक्याने येणारे रेडिओ संकेत सापडले. पल्सार म्हणून ओळखला गेलेला हा पहिला तारा. त्या ठोक्यांचा आलेख मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडने १९७९ साली आपल्या पहिल्या अल्बमच्या, 'अननोन प्लेझर्स'च्या, कव्हरवर घेतला. इयन कर्टिस हा त्यांचा गायक. दुसरा अल्बम 'क्लोझर' जुलै १९८० मध्ये आला तेव्हा तो नव्हता. १८ मे १९८० ला, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने स्वतःला संपवलं होतं.

तेव्हापासून त्याची पूजा चालली आहे. माझं म्हणणं त्या पूजेविरुद्ध आहे, गाण्याविरुद्ध नाही. गाण्यावर माझा जीव आहे.

मी ही गाणी पहिल्यांदा ऐकली १९९८ साली, अमरावतीला शिकत असताना, रूम पार्टनरच्या भरून आणलेल्या कॅसेटवर. कव्हर नाही, नावं नाहीत, पेनाने नुसतं 'जे. डी.' लिहिलेलं. पुढे शिक्षण सुटलं, शेती आली, जिनिंगमध्ये सीझनला कापूस ग्रेडिंगचं काम आलं. ती कॅसेट कुठे गेली कोणास ठाऊक. २०१६ नंतर मोबाईलवर नेट स्वस्त झालं आणि एका रात्री जागलीला बसलो असताना तीच गाणी पुन्हा सापडली. रानडुक्कर आणि रोह्यांपासून हरभरा राखायचा म्हणजे रात्रभर माळ्यावर बसावं लागतं. अंधार, थंडी, लांब कुठेतरी दुसऱ्या जागल्याची बॅटरी चमकते, आणि कानात तो खालचा, हळू चालणारा बेस, म्हणजे जाड, खालच्या सुरांची गिटार. मला त्या रात्री वाटलं, हे गाणं अशाच जागेसाठी केलेलं आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंक म्हणजे १९७६-७७ ची इंग्लंडमधली धग. तीन कॉर्ड, प्रचंड वेग, राग. ती धग ओसरल्यावर त्याच पोरांना प्रश्न पडला की आता पुढे काय. सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन जानेवारी १९७८ मध्ये बँड सोडून बाहेर पडला आणि त्याच वर्षी पब्लिक इमेज लिमिटेड घेऊन आला. लीड्सचे गँग ऑफ फोर, मँचेस्टरचे द फॉल, लंडनचे वायर, क्रॉलीचे द क्युअर. बेस पुढे आला, गिटार मागे सरकली, मध्ये मोकळी जागा राहिली. याला पोस्ट-पंक म्हणतात.

आता कापसाचं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या भोवतालच्या, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि व्यापाऱ्यांची नजर आपल्या वऱ्हाडावर वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली ती मुख्यतः कापसासाठी. हिंगणघाटी कापसाचं नाव तिकडच्या बाजारात होतं. पण तिथले कामगार हिंदुस्थानातल्या सगळ्याच कापसाला 'सुरत' म्हणायचे आणि त्यावर वैतागायचे, कारण धागा आखूड, सारखा तुटायचा. मी रोज बोटांत पुंजका धरून धाग्याची लांबी बघतो, म्हणून ही गोष्ट मला वाचलेली वाटत नाही, हाताला लागते. पुढे शंभर वर्षांनी त्या गिरण्या बंद पडल्या, आणि ही पोरं त्या बंद पडलेल्या शहरात, जुन्या गोदामांत सराव करत वाढली. इकडे आपल्या पुलगावच्या, हिंगणघाटच्या, नागपूरच्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. गिरणीच्या रिकाम्या इमारतीपुढून संध्याकाळी सायकलने गेलेल्या माणसाला जॉय डिव्हिजन समजावून सांगावं लागत नाही.

तर ती पूजा. माझ्या आळीत दोन घरं अशी आहेत जिथला कर्ता माणूस इयन कर्टिसच्याच वाटेने गेला. एक तर माझ्यासोबत शाळेत होता. दिवस उगवला तसा पंचनामा झाला, पुढारी येऊन गेले, आणि नंतर त्याची बायको कागदांसाठी दोन वर्षं चकरा मारत राहिली. म्हणून कोणी लिहिलं की 'तो तेविसाव्या वर्षी गेला म्हणून अमर झाला', की मला ते सहन होत नाही. त्याच्या मागे बायको आणि एक वर्षाची मुलगी राहिली होती. नोकरीत असताना तो अपंग माणसांना काम मिळवून देण्याच्या सरकारी कचेरीत बसायचा आणि स्वतःला फिट्सचा आजार होता. एवढं सगळं पाहिलेला, सोसलेला माणूस पन्नाशीत काय गायला असता, हे ऐकायला मिळालं नाही. त्यात अमर होण्यासारखं काय आहे?

मला मोठे वाटतात ते मागे उरलेले तिघं. अमेरिकेचा दौरा तोंडावर होता. मित्र गेला. त्यांनी बँडचं नाव सोडलं, त्या नावाने पैसा सहज मिळाला असता तरी सोडलं, आणि न्यू ऑर्डर म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याच वर्षी गिलियन गिल्बर्ट सोबत आली. गिटारवाला बर्नार्ड सम्नर गायक नव्हता, पण गायला कोणी नाही म्हणून गायला लागला. १९८१ च्या अल्बममध्ये त्याचा पातळ, बिचकणारा आवाज ऐका. आणि १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' करून त्यांनी लोकांना नाचवलं. घरातला माणूस गेल्यावर तेराव्यानंतर पुन्हा वावरात उतरावंच लागतं, ते उतरणं मला या बँडमध्ये दिसतं.

दुसरं उदाहरण द क्युअरच्या गायकाचं, रॉबर्ट स्मिथचं. द क्युअरचा १ नोव्हेंबर २०२४ ला 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' हा अल्बम आला, १६ वर्षांनी. स्मिथ तेव्हा ६५ चा. पहिल्या गाण्यात तो तीन मिनिटांहून जास्त वेळ तोंडच उघडत नाही, नुसतं वाद्यांचं ढग जमल्यासारखं चालू राहतं. आईवडील आणि भाऊ गेल्यानंतरचं हे गाणं आहे. विशीत तो मरणाबद्दल गायचा तेव्हा ते त्याने पुस्तकातून आणि अंधारातून घेतलेलं होतं. आता त्याने खांदा दिलेला आहे. फरक ऐकू येतो.

आमच्या गावच्या भजन मंडळात एक बुवा आहेत, सत्तरीपुढचे. राष्ट्रसंतांची भजनं खंजिरीवर म्हणतात. दम पुरत नाही म्हणून ओळ मध्येच तोडतात, तिथे झीलकरी उचलून धरतात. त्यांना आजवर कोणी विचारलं नाही की बुवा, या वयात कशाला गाता? रॉक आणि पॉपच्या माणसाला मात्र चाळिशीपासून हेच विचारतात. मला वाटतं पॉप म्हातारं होतं म्हणजे ते खोटं तरुण राहायला बघतं तेव्हा. ज्याने आपलं वय गाण्यात येऊ दिलं त्याचं काही जुनं होत नाही.

तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्या भागात हे ऐकणारं कोणी आहे का?


झाडीतली (वडसा परिसर)

काळीमाती दादा, हो, आहे. मी शाळेत शिकवते, आणि धान कापणीच्या सुट्टीत घरकाम करताना हेच ऐकते. तुमच्या आळीतल्या घरांबद्दलचं वाचून थांबले. हे वाचणाऱ्या कोणाला मनात तसलं काही येत असेल तर १४४१६ हा टेली मानस चा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आमच्या शाळेच्या फळ्यावर तो कायम लिहिलेला असतो.

आता मुद्द्यावर. तुमच्या पूर्ण लेखात गिलियन गिल्बर्टचं एक वाक्य सोडलं तर सगळे पुरुष आहेत दादा. म्हातारं होण्याची सवलत पुरुषांना फार आधी मिळाली. पिकलेल्या केसांचा गिटारवाला दिग्गज होतो. बाईला विचारतात, अजून?

पोस्ट-पंकमध्ये तर बायांनी पाया घातला. द स्लिट्सचा 'कट' १९७९ चाच, तुमच्या 'अननोन प्लेझर्स'च्याच वर्षीचा. त्यांची गायिका अॅरी अप बँडमध्ये आली तेव्हा १४ वर्षांची होती. द रेनकोट्स होत्या. त्यांचा ताल आडवातिडवा जातो, जात्यावर दोघी बसल्या की एकीचा हात पुढे मागे होतो तसा. गिटार मास्तरकडून शिकलेल्या पोरांना तसं वाजवता येत नाही, कारण त्यांना चुकायची भीती असते.

आणि किम गॉर्डन. सॉनिक यूथ या अमेरिकन बँडमध्ये १९८१ पासून २०११ पर्यंत तीस वर्षं बेस वाजवला. बँड मोडला, संसारही मोडला. मार्च २०२४ मध्ये तिचा 'द कलेक्टिव्ह' आला तेव्हा ती ७० वर्षांची होती. पहिल्या गाण्यात ती काय म्हणते माहीत आहे? प्रवासाला निघताना बॅगेत काय काय भरायचं त्याची यादी. खाली आजच्या पोरांच्या रॅपला असतो तसला धडधडणारा बीट. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी आई आठवली, माहेरी निघताना ती अशीच मोठ्याने यादी म्हणायची, औषधाची पुडी, चष्मा, डब्बा. सत्तर वर्षांच्या बाईने ना आठवणी काढल्या, ना उपदेश केला. तिने यादी म्हटली आणि ती त्या वर्षीची सगळ्यात धारदार गोष्ट झाली.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. पन्नाशीचा नट नायक होतो, पण त्याच वयाच्या नटीला आईचा पदर घ्यावा लागतो, मग तिचा आवाज कितीही खणखणीत असो. म्हणून पॉपचं वय म्हटलं की मला आधी हा हिशेब दिसतो. केट बुशचं १९८५ चं गाणं एका मालिकेमुळे २०२२ साली ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, ३७ वर्षांनी. गाणं उत्तमच आहे. पण लोकांना परत हवी होती ती २६-२७ वर्षांची केट. साठी पार केलेली केट आज काय करते हे किती जणांनी विचारलं?


वऱ्हाडी_बोली (दारव्हा)

काळीमाती भाऊ, तुमचं वाचून रात्री झोप नाई आली. मले इंग्रजी शब्द समजत नाई, पण तुमी सांगतलं म्हणून जॉय डिव्हिजन आयकलं. गाणं चांगलं हाय, खोटं नाई सांगत. पण मले एक गोष्ट खुपते ते सांगतो. दुःख आपलं, वावर आपलं, मंग गाणं मँचेस्टरचं काहून? आपल्या इकडं दंडार हाय, खडी गंमत हाय, भीमगीतं हायेत. राष्ट्रसंतायची खंजिरी तर तुमीच सांगतली. माया बापानं अख्खी जिंदगी भजनात काढली, त्यायच्या गाण्याले कोणी टी-शर्टवर नाई छापलं. आपले पोरं जर परक्याच्या दुःखात रमले तं आपलं कोण सांभाळन? राग मानू नका. तुमी मनापासून लिवलं म्हणून म्याही मनापासून लिवलं.


काळीमाती (ता. हिंगणघाट)

राग कशाचा भाऊ, तुमचा प्रश्न मी स्वतःला कितीदा विचारला आहे. माझं उत्तर असं आहे. तो बेस, ज्याच्यावर मी जीव टाकतो, तो मँचेस्टरचा नाहीच. पब्लिक इमेज लिमिटेडमध्ये जाह वॉबल बेस वाजवायचा, आणि तो बेस थेट जमैकाच्या डब संगीतातून, म्हणजे बेस पुढे ठेवणाऱ्या रेगेच्या प्रकारातून, आलेला आहे. लंडनमध्ये जमैकाहून आलेल्या मजुरांच्या वस्त्या होत्या, त्यांच्या घरगुती कार्यक्रमांत मोठमोठे स्पीकर लागायचे, गोरी पोरं तिथे उभं राहून ऐकायची. म्हणजे ज्यांना आपण मँचेस्टर-लंडनवाले म्हणतो तेही परक्याच्याच अंगणात शिकले. तुमच्या बाबांच्या भजनात डग्ग्याची थाप बसते तेव्हा छातीत जे होतं, तेच मला त्या बेसमध्ये होतं. म्हणून ते माझं वाटलं.

पण दुसऱ्या अर्ध्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या बाबांची भजनं मोबाईलवर तरी भरून ठेवली आहेत का? नसतील तर या हिवाळ्यात भरा. हे मी अगदी कळकळीने सांगतो.

ताई, तुमचं बरोबर आहे आणि ती उणीव माझ्या ऐकण्यातली आहे. रेनकोट्स काल रात्री ओलिताला गेलो तेव्हा ऐकल्या. व्हायोलिन येतं तिथे पाणी बदलायचं विसरलो, एका सरीत पाणी फुटून धुऱ्यावर गेलं. 'द कलेक्टिव्ह' अजून अंगवळणी पडला नाही, पण तो यादीचा प्रकार डोक्यातून जात नाही.


साऊंड_आर्वी

मी मंडप आणि साऊंडचं काम करतो, गेली २२ वर्षं. लग्न, भागवत सप्ताह, जयंती, गणपती सगळं. मला या धाग्यात एक गोष्ट घालायची आहे, कारण तुम्ही सगळे माणसाच्या वयाबद्दल बोलताय, पण रेकॉर्डिंगलाही वय असतं.

'अननोन प्लेझर्स' स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत एप्रिल १९७९ मध्ये भरला, मार्टिन हॅनेट प्रोड्युसर. त्याने ड्रमर स्टीफन मॉरिसला एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावला, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाणार नाही. मग प्रत्येक ठोक्याला डिजिटल डिले (आवाज किंचित मागून पुन्हा देणारं यंत्र) लावून त्याच्याभोवती जागा तयार केली. स्टुडिओच्या लिफ्टचा आवाजसुद्धा एका गाण्यात घातला. बँडला तेव्हा हे आवडलं नव्हतं, त्यांना स्टेजवरचा दणका हवा होता. पण हॅनेटने जी पोकळी ठेवली तिच्यामुळे तो अल्बम आजही कालचा वाटतो. आवाज दाटीवाटीने भरलेला असला की तो त्या काळाच्या यंत्रांचा होतो. मोकळा ठेवला की ऐकणाऱ्याच्या खोलीचा होतो. काळीमाती भाऊंच्या जागलीत तो बसला तो यामुळेच.

उलट उदाहरण घ्या. १९८० च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू असताना फिल कॉलिन्सच्या ड्रमवर एक युक्ती सापडली. खोलीतला घुमारा खूप दाबून मोठा करायचा आणि मग गेट लावून एकदम कापायचा. धाडकन येतो आणि शेपूट न ठेवता बंद होतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पण पुढची सात-आठ वर्षं ज्याने त्याने तोच लावला. तसाच १९८३ चा यामाहाचा डीएक्स ७ कीबोर्ड. त्याचा तो काचेसारखा पियानो इतक्या गाण्यांत आला की आज दोन सुरांत वर्ष सांगता येतं. ती गाणी वाईट नाहीत, पण कंपनीतून आलेला आवाज जसाच्या तसा वापरला की गाण्यावर त्या वर्षाचा शिक्का बसतो. आपल्याकडे २००५-१० च्या काळातल्या भक्तिगीतांच्या सीडी आठवा, सगळीकडे तोच एक ढोलक पॅड.

आणि आवाजाच्या वयाबद्दल. वय वाढलं की गळ्याची लवचिकता कमी होते, वरचे सूर आधी जातात. यावर उपाय आपल्या बुवांना केव्हापासून माहीत आहे, पट्टी उतरवायची. पांढरी चारमध्ये गाणारे बुवा काळी दोनवर येतात आणि हार्मोनियमवाला काही न बोलता हात सरकवतो. परदेशातले मोठे गायकही हेच करतात, पण तिथे चाहते मूळ रेकॉर्डशी ताडून बघतात आणि नाराज होतात. मी हजार तरी भजनं लावली असतील, पट्टी उतरली म्हणून उठून गेलेला माणूस पाहिला नाही.


पुसद_बेस

नमस्कार सगळ्यांना. मी २२ वर्षांचा आहे, अमरावतीला शिकतो, बेस वाजवतो. धागा दोनदा वाचला. काका, तुमचा आदर ठेवूनच बोलतो, पण मला यातलं काही पटलं नाही.

तुम्ही म्हणता मेलेल्या गायकाची पूजा नको. बरोबर. पण १९७९ ची पूजासुद्धा तीच पूजा आहे. आमचं वय या सगळ्यात कुठे बसतं? डब्लिनच्या फाँटेन्स डी. सी.चा 'डॉग्रेल' २०१९ ला आला तेव्हा अर्ध्या लोकांनी लिहिलं की हे तर अमक्यासारखं, तमक्यासारखं. त्यात त्यांच्या शहराबद्दल, त्यांच्या बोलीत, किती नवं आहे हे बाजूला राहिलं. आर्क्टिक मंकीज २००६ मध्ये शेफिल्डच्या रात्रींबद्दल गात आले, तेव्हा ते विशीत होते. २०१८ मध्ये त्यांनी पियानोवर बसून हॉटेल आणि चंद्राबद्दल अल्बम केला तर जुने चाहते रागावले, आमची नाचायची गाणी कुठे म्हणून. म्हणजे बँडला म्हातारं व्हायचं होतं, ऐकणाऱ्यांनी होऊ दिलं नाही. पॉपचं वय ऐकणारेच अडवून धरतात काका, गाणारे नाही.

आणि ज्याला इंडी म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे केलेलं संगीत, ते काय होतं? जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडने ५०० पौंड उसने घेऊन स्वतःची रेकॉर्ड स्वतः काढली, कोणाच्या दारात न जाता. ती हिंमत होती. आज इंडी म्हणजे एक ठरावीक गिटारचा आवाज होऊन बसला, आणि तो कोणाला दाखवायचा हे मोबाईलमधलं गणित ठरवतं. पेव्हमेंट या अमेरिकन बँडचं एक १९९९ चं गाणं, जे त्यांनी मुख्य अल्बममध्ये घेतलंही नव्हतं, ते या गणिताने उचललं आणि आज त्यांचं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं तेच आहे. मला ते गाणं आवडतं. पण त्याच गणितात माझ्यासारख्याने घरी केलेलं गाणं बाराव्या माणसापर्यंतही जात नाही. मेलेले आणि म्हातारे दोघंही आमच्या पुढे उभे आहेत.

मी तीन गाणी केली आहेत, वऱ्हाडीत. एक मळणीयंत्राच्या आवाजावर आहे, यंत्राचा तो खडखडाट सात मात्रांत पडतो, त्यावर बेस बसवला. शहरातल्या एका ठिकाणी वाजवायला विचारलं तर म्हणाले, इंग्रजी किंवा हिंदी असेल तर बघू. गावात विचारलं तर म्हणाले, डीजे लाव. मग मी कोणासाठी वाजवू?


झाडीतली (वडसा परिसर)

पुसद, सात मात्रांत मळणीयंत्र! हे मला ऐकायचंच आहे. आणि तुझा आर्क्टिक मंकीजचा मुद्दा अगदी खरा आहे. मला स्वतःला तो २०१८ चा अल्बम समजायला वर्ष लागलं, आधी मीही कुरकुरले होते.


वऱ्हाडी_बोली (दारव्हा)

पोरा, वऱ्हाडीत गातं तू, हे वाचून लय बरं वाटलं. म्या वर जे इचारलं होतं त्याचं उत्तर तूच देल्लं. मँचेस्टरचा बेस अन् आपलं मळणीयंत्र. माया वावरात जुनं यंत्र हाय, त्याचा आवाज नव्यापक्षा येगळा येते, पट्टा सैल हाय म्हणून. पायजे तं भरून नेजो.


काळीमाती (ता. हिंगणघाट)

पुसद बापू, तुझं लिहिणं दोन दिवस डोक्यात घोळलं. वेचणी चालू आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला.

एक मान्य करतो. माझ्या यादीत १९८५ नंतर जन्मलेला एकही माणूस नाही. म्हातारपणाचं कौतुक करता करता मी तरण्याला जागा ठेवली नाही, आणि भजन मंडळात असं होत नाही. बुवांचा दम तुटतो तिथे ओळ उचलायला पोरगाच लागतो. तो नसला की बुवांचं भजन तिथेच संपतं. हे मी रोज बघतो आणि लिहिताना विसरलो.

एक मात्र मान्य नाही. म्हातारे तुझ्या पुढे उभे आहेत असं सरसकट म्हणू नकोस. द फॉलचा मार्क ई. स्मिथ १९७६ पासून २०१८ ला मरेपर्यंत एकच बँड चालवत राहिला, तीसच्या वर अल्बम, शेवटी चाकाच्या खुर्चीवर बसून गायला. त्याने जुनी गाणी वाजवून पैसे केले नाहीत, दर वेळी नवीनच लावलं, लोक ओरडले तरी. असा म्हातारा वाट अडवत नाही. आणि अमेरिकेचा आर. ई. एम. बँड बघ. १९९२ ला 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' केला तेव्हा ते तिशीच्या आसपास होते आणि बराचसा अल्बम म्हातारपण आणि मरणाबद्दल. एवढ्या कमी वयात त्यांनी तो इतक्या हळुवार हाताने केला, की वडील दवाखान्यात होते तेव्हा त्या रात्री मला त्याच गाण्यांनी धरून ठेवलं. पुढे सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी भांडण न करता, आता पुरे म्हणून थांबायचं ठरवलं. तेराच वर्षांनी, २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात चौघं एक गाणं वाजवायला उभे राहिले, एकच, आणि परत घरी गेले. थांबणं हेसुद्धा वय गाण्यात येऊ देणंच आहे असं मला वाटतं. यावर तुझं काय मत ते सांग, पटलं पाहिजे असं नाही.

कोणासाठी वाजवू म्हणून विचारलंस. इथे तर आम्ही चौघं झालो. गाणी इथे टाक.


पुसद_बेस

टाकतो काका. पण आत्ता जे भरलं आहे ते मोबाईलवर भरलेलं आहे, बेस नीट ऐकूच येत नाही, नुसता भुणभुण. थांबण्याबद्दल: आर. ई. एम. थांबू शकले कारण लोक ऐकत होते. ज्याचं अजून सुरूच झालं नाही त्याला तो विचार कळत नाही. मार्क ई. स्मिथचं मात्र पटलं. आज द फॉल लावतो.


साऊंड_आर्वी

पुसद, माझ्या गोदामात आठ चॅनलचा मिक्सर आहे, दोन बरे माइक आहेत आणि डीआय बॉक्स (बेस सरळ मिक्सरला जोडायचा डबा) आहे. लग्नाचा सीझन डिसेंबरभर आहे, मला श्वास घ्यायला वेळ नाही. संक्रांतीच्या आधी तिथी नसतात तेव्हा ये, तीन दिवस गोदाम रिकामं असतं. पैशाचं बोलू नको. बेस सरळ मिक्सरमध्ये घेऊ म्हणजे भुणभुण जाईल, आणि तुझा गाण्याचा आवाज पत्र्याच्या शेडमध्ये माइक लांब ठेवून घेऊ, तिथे घुमारा चांगला येतो, मी सप्ताहाच्या वेळी ऐकलेला आहे. वऱ्हाडी भाऊंचं यंत्र आधी भरून आण, पट्टा घट्ट करू देऊ नको. मोबाईल यंत्रापासून किमान दहा-बारा पावलं लांब ठेव, जवळ ठेवलास तर आवाज फाटेल. आणि येताना बेसच्या तारा नवीन टाकून ये, आर्वीत मिळत नाहीत.